उणे नऊ

कारकूनबाईंनी तिजोरीतून पाकीट काढलं, रुमालाने पुसलं आणि मग त्या कात्री शोधायला लागल्या. टेबलाचे तिन्ही खण झाले, खिडकीची कड झाली, शेवटी कात्री निघाली फायलींच्या गठ्ठ्याखालून.

“अहो, हाताने फाडा की,” विभागप्रमुख म्हणाले.

“सही फाटेल ना. मग म्हणाल, बाईंनीच काहीतरी केलं.”

अडीच वर्षं बाईंनी ते पाकीट सांभाळलं होतं, कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आजचा दिवस त्यांचा होता आणि तो घाईत उरकायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

धाकटी खिडकीला टेकून उभी होती. प्रयोग तिचा. तिची थोरली बहीण खुर्चीच्या अगदी कडेवर, पर्स मांडीवर घट्ट धरून, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी बसली होती. आणि दाराशी मिस्त्री. कार्यशाळेतला निळा कोट, खिशाला स्टीलची पट्टी, हात मागे. ‘या ना आत’ असं त्यांना दोनदा म्हणून झालं होतं. ते उंबऱ्यावरून हलले नव्हते.

पाकिटात एक आकडा होता. दुसरं काही नाही.

हा आकडा कशाचा, ते सांगायचं तर तळघरात जावं लागेल. तिथे पिंपाएवढं एक पोलादी भांडं होतं आणि त्यातली हवा काढून टाकलेली होती. आत केसापेक्षा बारीक धाग्याला एक तबकडी टांगलेली, तिच्याखाली दुसरी तबकडी, अगदी सावकाश फिरणारी. दोघींना सारख्या अंतरावर भोकं पाडलेली. दोघींमधलं अंतर केसाच्या जाडीच्या निम्मं. खालची फिरली की वरची तिच्या ओढीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने, किंचित वळायची. किती वळली ते धाकटी मोजत असे. अडीच वर्षं ती हेच करत होती, आणि रस्त्यावरून जड ट्रक गेला की त्या तासाचं सगळं मोजमाप फुकट जायचं.

हे सगळं कशासाठी, तर थोरलीसाठी. निदान धाकटी मनातल्या मनात असंच म्हणे. थोरली तारांच्या शास्त्रातली. वस्तू, उजेड, ओढ, जे जे म्हणून आहे ते सगळं अतिशय बारीक तारांची थरथर, असं ते शास्त्र सांगतं. गंमत अशी, की त्या तारांना थरथरायला आपली लांबी, रुंदी आणि उंची पुरत नाही. आणखी दिशा लागतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, कारण त्या आत दुमडलेल्या आहेत. ‘मग दाखवा बघू,’ असं कुणी म्हटलं की तारांवाल्यांची पंचाईत व्हायची, कारण तेवढ्या बारीक दुमडी उलगडायच्या तर कणांवर कण आपटणारं आकाशगंगेएवढं यंत्र लागलं असतं. काका तर प्रत्येक भेटीत विचारायचे, “काय गं, तुझ्या तारांवर कपडे तरी वाळत घालता येतात का?” आणि स्वतःच हसायचे.

थोरलीचं म्हणणं वेगळं होतं. एवढ्या दणक्याची गरजच नाही, ती म्हणायची. त्यातली एखादी दुमड सैल राहिली असेल. केसाच्या निम्म्याएवढी सैल. ती धडका देऊन सापडायची नाही, गप्प बसून सापडेल. दोन वस्तू तेवढ्या जवळ आणा आणि एकमेकींना किती ओढतात ते मोजा. ओढ हिशेबापेक्षा जास्त भरली, की समजा आत जागा आहे. पंचवीस वर्षं तिने हे कागदावर मांडलं. परिषदांमध्ये लोक सभ्यपणे ऐकून घेत आणि चहाला उठत.

लहानपणी थोरलीचा फ्रॉक धाकटीकडे यायचा तेव्हा आई त्याची खालची कड आत दुमडून टीप घालायची. धाकटी वाढेल तशी टीप उसवायची. “बघणाऱ्याला वाटतं कापड इथेच संपलं,” थोरली एकदा म्हणाली होती, “आत चांगलं चार बोटं आहे.” तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तारांचं नावही तिने ऐकलेलं नव्हतं. पण धाकटीला नंतर कितीही पुस्तकं वाचूनही हे शास्त्र समजलं ते तेवढंच, आणि तेवढं तिला पुरलं.

आता पाकीट. माणसाला जे हवं असतं तेच त्याला आकड्यांत दिसतं, हे या धंद्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यातून इथे सख्ख्या बहिणीचा मामला. म्हणून धाकटीने स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली. खालच्या तबकडीची जाडी ड्रॉइंगवर शंभर मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मिस्त्रींनी ती जाडी गुपचूप बदलायची. पाच ते दहा मायक्रॉन, कमी की जास्त ते त्यांच्या मर्जीने. शून्य मात्र नको, नाहीतर लपवण्यात काय अर्थ? बदल किती तो चिठ्ठीवर लिहायचा, पाकीट बंद करून बाईंकडे जमा करायचं आणि मग कामाला बसायचं. धाकटीने तबकडीचं वजनसुद्धा करायचं नाही. मोजमाप संपलं, हिशेब संपला, लेख लिहून झाला, की सगळ्यांसमोर पाकीट उघडायचं, निघेल तो आकडा लेखातल्या मोकळ्या जागेत भरायचा आणि त्याच दिवशी पाचच्या आत लेख पाठवून द्यायचा. नंतर एक काना-मात्रा बदलायची नाही. “दुसऱ्या कुणाकडून तबकडी मोजून घ्यायची का?” असं विभागप्रमुखांनी तेव्हा विचारलं होतं. “मिस्त्रींनी मोजल्यावर?” धाकटी म्हणाली होती, आणि विषय तिथेच मिटला होता.

आणि तीन आठवड्यांपूर्वी हिशेब पुरा झाला. तबकडी शंभर मायक्रॉनची आहे असं धरलं तर ओढ पुस्तकातल्या नियमाप्रमाणे तंतोतंत भरत होती. धाकटी तो कागद हातात घेऊन जागच्या जागी बसली. कारण तबकडी शंभरची नव्हतीच. नियमच तसा होता. ती शंभरपेक्षा जाड असेल, नाहीतर पातळ असेल. पातळ असूनही पुरी ओढ भरली असेल, तर उरलेली ओढ आली कुठून? दुमडीतून.

तीन आठवडे तिने ताकास तूर लागू दिली नाही. जेवताना घास हातात राहायचा. पायऱ्या उतरताना पायऱ्यांखाली आणखी पायऱ्या आहेत असं वाटायचं. भिंत, दार, टेबलाची कड, सगळ्यांच्या आत चार-चार बोटं जागा दुमडून ठेवलेली आहे आणि आपल्याला तिची चाहूल लागली आहे, या गुंगीत ती चालत होती, बोलत होती, दुकानातून उरलेले सुट्टे पैसे न घेताच परत येत होती.

बाईंनी अखेर पाकिटाची कड कापली, चिठ्ठी काढली, चष्मा पुसला.

“उणे नऊ,” त्या म्हणाल्या.

“उणे? नक्की उणे?” विभागप्रमुखांनी चिठ्ठी जवळजवळ ओढूनच घेतली.

धाकटी थोरलीकडे बघत होती. थोरलीने आकडा ऐकला, मनात एक भागाकार केला, पुन्हा केला, आणि तिच्या हातातली पर्स खाली पडली. पेन, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं खोलीभर झाली. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिचे खांदे हलत होते. पन्नाशी उलटलेली बाई, लोकांनी इतकी वर्षं थट्टा केली तरी जिने डोळ्याला पाणी येऊ दिलं नव्हतं, ती कारकुनाच्या खोलीत जमिनीवर बसून लहान मुलीसारखी हमसून रडली. कारकूनबाईही रडल्या. त्यांना त्यातलं काहीएक कळलं नव्हतं, पण पाकीट त्यांनी सांभाळलं होतं.

मग चहा आला. विभागप्रमुखांनी स्वतः मिस्त्रींच्या हातात कप दिला. “मिस्त्री, तुमच्या नऊ मायक्रॉनवर जग उभं आहे आज!” मिस्त्रींनी कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खिडकीत ठेवून दिला. पुढच्या गडबडीत ते केव्हा निघून गेले, कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोरलीने आईला फोन लावला. आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे संभाषण सगळ्या मजल्याने ऐकलं.

“सापडलं गं आई! मी म्हणत होते ते!”

“काय सापडलं?”

“जागा! जास्तीची जागा!”

“कुठल्या मजल्यावर?”

थोरली हसता हसता पुन्हा रडायला लागली. धाकटीने फोन घेतला आणि म्हणाली, “आई, ताईचं बरोबर निघालं.” मग आई म्हणाली, “मला काय, माहीतच होतं. जेवलात का दोघी?”

पाचला अजून दोन तास होते. लेख तयार होता, मोकळ्या जागेत ‘उणे नऊ’ भरलेलं होतं. थोरली वर कुणाकुणाचे फोन घेत होती. धाकटी एकटीच तळघरात आली. इथे नेहमी मंद उजेड असे. टांगलेल्या तबकडीला चिकटवलेल्या आरशावर एक लाल किरण पडायचा आणि तो परतून समोरच्या भिंतीवरच्या मोजपट्टीवर ठिपका व्हायचा. ठिपका पट्टीच्या मध्यावर होता. नुसत्या डोळ्यांना तो स्थिर दिसायचा; पण तो सारखा, अगदी झोपेत कूस बदलावी तसा, हलत असे. धाकटी स्टुलावर बसली. तिला फार शांत वाटत होतं, आणि इतकं शांत वाटण्याचीच थोडी भीतीही वाटत होती.

दार वाजलं. मिस्त्री आत आले.

ती उठून उभी राहिली. अडीच वर्षांत मिस्त्री इथे फिरकले नव्हते. आधी ते दिवसातून दहादा यायचे, स्वतःची चहाची किटली घेऊन यायचे. तबकडी दिल्यापासून जिन्यात भेटले तरी मान खाली घालून जायचे. गुपित सांभाळताहेत बिचारे, असं तिने धरलं होतं, आणि तिला त्याचं कौतुकही वाटायचं.

“मॅडम, ती खालची तबकडी उघडून मोजून घ्याल का?”

“आता? कशाला?”

“घ्या मोजून.”

“अहो, हवा आत सोडली की धागा गेला. चार महिने लागले होते तो बसायला. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. मीच बसवला.”

“मग?”

मिस्त्रींनी खिशातली पट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खिशात घातली.

“ती शंभरच आहे,” ते म्हणाले.

धाकटीला एकदम सगळं कळलं, आणि तरी तिने विचारलं.

“शंभर म्हणजे?”

“शंभर म्हणजे शंभर. आकडा आधी लिहिला. तुम्ही म्हणालात, आधी लिहा, पाकीट द्या, मग काम. तसंच केलं. मग बसलो घासायला. घासता घासता मापाची सुई आली शंभरला. अजून नऊ काढायचे होते.” ते थांबले. “हात चालेना, मॅडम. समोर ड्रॉइंग, त्यावर तुमच्या हाताने शंभर लिहिलेलं. अडतीस वर्षांत माझा एक नग परत आला नाही. म्हटलं, चहा पिऊन येऊ, मग काढू. चहा झाला. म्हटलं, उद्या काढू.”

“आणि उद्या?”

“उद्या तुमचा फोन आला, तबकडी झाली का म्हणून. म्हटलं, झाली. झालीच होती ती.”

“मग चिठ्ठी बदलायची होती!”

“गेलो की. दोनदा गेलो. बाई म्हणाल्या, जमा झालं ते झालं, आता उघडायच्या दिवशी या.”

“मला सांगायचं होतं मिस्त्री! मला!”

“तुम्हीच बजावलं होतं. जीव गेला तरी मला काही सांगायचं नाही, असे तुमचे शब्द.”

तिचेच शब्द होते ते, आणि मोठ्या ऐटीत उच्चारलेले. तिने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती आणि ती बांधताना मिस्त्रींच्या तोंडालाही बांधली होती. आणि तीन आठवडे ती ज्या आकड्यावर तरंगत होती, तो दुमडीचा नव्हता की तारांचा नव्हता. मुद्दाम वाकडं काम करायला ज्याचा हात धजला नाही, अशा एका माणसाचा तो आकडा होता.

“मी म्हटलं, काही सापडणार नाही, कोण विचारतंय,” मिस्त्री म्हणाले. “पण आज ताईंना पाहिलं. चहा उतरेना घशाखाली.”

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणाला नाही. मी सांगणारही नाही. चिठ्ठीवर उणे नऊ आहे, खाली माझी सही आहे. तुम्ही म्हणाल तसं.” मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “मोजायचं म्हणालात तर मी हाताने उघडून देतो.”

धाकटीने घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. वर लेख तयार होता. नियमाप्रमाणे पाकिटातला आकडा हाच खरा आकडा. त्याच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. दुसऱ्या कुणाला असा प्रयोग उभारायला सहा-सात वर्षं लागली असती. सहा-सात वर्षं ताईला लोक उभं राहून ऐकतील. काकांची ती थट्टा बंद होईल. तिला ते हवं होतं. स्वतःसाठी काही हवं असण्यापेक्षा कितीतरी जास्त हवं होतं, आणि ते हवं असल्याची लाज वाटायला तिला बराच वेळ लागला.

जिन्यात पावलं वाजली. थोरली खाली आली, एका हातात चप्पल घेऊन.

“आवाज करायचा नाही ना इथे? मला आत येऊ देशील ना आता? आता तर उघडलं पाकीट.”

थोरलीलाही अडीच वर्षं इथे बंदी होती. ती अनवाणी, चोरपावलांनी भांड्याजवळ गेली आणि काचेच्या खिडकीला नाक लावून आत बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं. तिने ते बाहीने पुसलं.

“हलत नाहीये काही.”

“हलतंय. दिसत नाही इतकंच.”

“त्या दोघींच्या मधे?” थोरली कुजबुजली. “त्या एवढ्याशा फटीत? अगं, मी किती कागद घालवले त्या फटीवर. मला वाटायचं, काहीतरी मोठं असेल. ही तर पोस्टाच्या तिकिटाएवढी तबकडी आहे.” आणि ती हसली. तिचा चेहरा भिंतीवरून येणाऱ्या लालसर उजेडात होता, आणि धाकटीला ती तेरा वर्षांची दिसत होती.

मग थोरलीने वळून पाहिलं. “मिस्त्री असे का उभे आहेत?”

मिस्त्री भिंतीकडे वळले.

“काय झालंय?”

धाकटीने सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. सगळं मिळून चार वाक्यं झाली. तबकडी शंभरची आहे. चिठ्ठीवरचे नऊ कधी काढलेच नाहीत. म्हणजे ओढ जेवढी हवी तेवढीच आहे, जास्तीची नाही. हे फक्त आपल्या तिघांना माहीत आहे.

थोरलीने हातातली चप्पल खाली ठेवली आणि दोन्ही पायांत नीट घातली. तेवढ्याला तिने बराच वेळ लावला.

“मग माझी दुमड नाहीच तिथे.”

“त्या मापाची नाही,” धाकटी घाईने म्हणाली. “त्याहून लहान असू शकते ना. कितीतरी लहान.”

“मी मापासकट लिहिली होती गं. पंचवीस वर्षं त्याच मापाची लिहिली.”

भांड्याचा पंप बारीक आवाजात चालू होता. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभे होते.

“ताई, ऐक,” धाकटी म्हणाली. “पाचला लेख जायचाय. नियम म्हणतो, पाकिटातला आकडा घ्या. मी तोच घेतलाय. मी काही खोटं लिहिलेलं नाही. जाऊ दे तो तसाच. सहा वर्षांनी कुणी मोजेल तेव्हा मोजेल, तोवर... तोवर तुला मिळू दे ना काहीतरी. मी हे सगळं तुझ्यासाठी केलंय. दुसऱ्या कशासाठी नाही.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. परक्या गावात अचानक ओळखीचं माणूस दिसावं, तसं ते पाहणं होतं.

“वेडाबाई,” ती म्हणाली. “मी काय म्हणत होते इतकी वर्षं? ‘माझं खरं माना’ असं म्हणत होते का? ‘कुणीतरी मोजा’ म्हणत होते. एकालाही सवड नव्हती. तू मोजलंस.”

“पण मग काय उरलं?”

“मोजलंस ना.”

ती भांड्याभोवती हळूहळू एक फेरी मारून आली. तिने आजवर कुठल्याच यंत्राला हात लावलेला नव्हता. घरचा मिक्सर बिघडला तरी ती शेजारणीला हाक मारायची. नळ्या, तारा, बोल्ट यांच्याकडे ती एकेक करून बघत गेली आणि एका लहानशा चाकापाशी थांबली.

“हवा कुठून सोडतात?”

मिस्त्री पुढे झाले.

“तेच. पण आधी पंप बंद करावा लागतो,” ते म्हणाले. त्यांनी पंप बंद केला. त्या आवाजाची इतकी सवय झालेली होती, की तो थांबल्यावर खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे. हळू, ताई. एकदम नको.”

थोरलीने दोन्ही हातांनी चाक धरलं. पाव फेरा झाला. कुठेतरी आत बारीक शीळ वाजली, अडीच वर्षांत पहिल्यांदाच. भिंतीवरचा लाल ठिपका क्षणभर जागीच कापला, मग पट्टीवरून सरकला, पट्टीच्या बाहेर गेला, भिंत ओलांडून छताकडे चढला आणि नाहीसा झाला. धाकटीला रडू फुटलं आणि ते आवरायचा तिने प्रयत्न केला नाही.

थोरलीने चाक सोडलं नव्हतं. ती त्या शिळेकडे कान देऊन उभी होती.

“किती वेळ लागेल?”

“दीड तास,” मिस्त्री म्हणाले. “मग बोल्ट काढतो. सहापर्यंत हातात येईल.”

“अगदी शंभर आहे? थोडीसुद्धा इकडेतिकडे नाही?”

“नाही.”

“कमाल आहे,” थोरली म्हणाली. तिने बाहीने नाक पुसलं, कोपऱ्यातली स्टुलं ओढून आणली, एक धाकटीच्या मागे सरकवलं, एक मिस्त्रींपुढे ठेवलं आणि स्वतः तिसऱ्यावर बसली. “मिस्त्री, ती बाहेर काढलीत की मला एकदा हातात घेऊ द्याल?”

मिस्त्री अजून उभेच होते. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे पाहिलं, आणि ते बसले.

“हातमोजे घालून,” ते म्हणाले.